मकडीवाल्या दुर्गाताई

दुर्गाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. पदर कमरेला खोचलेला, पायातल्या चपला टेबलाखाली कुठेतरी भरकटलेल्या आणि डोकं मायक्रोस्कोपवर. मी बनारसच्या विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीला आले होते. इस्त्रीची साडी, हातात फाइल, चेहऱ्यावर शहाणपणाचा भाव. दारातून म्हटलं, "आत येऊ का?"

त्यांनी मान न वळवता हात वर केला. "थांब. बाळंतीण आहे."

मी दोन पावलं मागे सरले. आत खरंच कुणी बाई अडली आहे की काय, असं वाटून पाणी-बिणी आणावं का, हाही विचार मनात येऊन गेला. तेवढ्यात दुर्गाताई वळल्या, तोंडभर पान, डोळे लकाकत होते. "हं, झालं. ये, तूही बघ. काय गोल अंडं घातलंय पोरीनं!"

ती माझी मुलाखत. मायक्रोस्कोपमधून मला एक पारदर्शक मोती दिसला आणि शेजारी एक जाडजूड, पिवळसर, पाठीवर दोन काळे डाग असलेला जीव. साताऱ्याकडे आम्ही याला लाल कोळी म्हणतो. वांग्याच्या, भेंडीच्या, घेवड्याच्या पानामागे बसून रस पितो, पान आधी ठिपक्याठिपक्यांचं होतं, मग करपल्यासारखं दिसतं आणि शेंड्यावर बारीक जाळं येतं. नुसत्या डोळ्यांना तो धुळीच्या कणाएवढा. बनारसचे शेतकरी याला लाल मकडी म्हणतात आणि दुर्गाताई बनारसच्या, म्हणून त्यांच्या तोंडी कायम 'माझ्या मकड्या'.

"कशी वाटली?" त्यांनी विचारलं.

"लठ्ठ आहे," मी म्हणाले. आमच्या साताऱ्याचं तोंड असंच, आधी चालतं.

"खात्या घरची आहे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ये."

आता मी काही त्यांचं चरित्र लिहायला बसले नाही. त्यांच्या पदव्या, निबंध, सभा-संमेलनं हे विद्यापीठाच्या कागदांत आहे, ज्याला हौस असेल त्याने बघावं. मला आठवतात त्या गळ्यात काळ्या दोऱ्याला भिंग बांधून मंडईतून चालणाऱ्या दुर्गाताई. लोक मंगळसूत्र घालतात, या बाईनं भिंग घातलं. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "फुरसत कुठे मिळाली? एक पिढी संपते न संपते तोवर दुसरी उभी."

त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे शिक्षा होती. प्रत्येक गाडीवर थांबायच्या, पान उलटं करायच्या, भिंग लावायच्या. चांगली, कोवळी, तजेलदार भेंडी बाजूला सारून त्या खालची मळकट पानं मागायच्या. भाजीवाले आधी चिडायचे, मग हसायचे, शेवटी सरळ त्यांच्यासाठी सडकी पानं वेगळी बांधून ठेवायला लागले. "बहिनजी, आज बढ़िया वाला कचरा आया है!" अशी हाक गल्लीतून यायची आणि दुर्गाताई अशा लगबगीनं जायच्या की काय सांगावं. मी म्हणायचे, "अहो ताई, लोक बघतायत." त्या म्हणायच्या, "बघू देत गं. फुकटात बघतायत, बिलकुल पैसे देत नाहीयेत."

त्यांचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत होतं. मी पहिल्यांदा त्या पायऱ्या चढले तेव्हा निम्म्यावर बसकण मारली आणि देवाला, बनारसला आणि रेल्वेला, जिनं माझ्या नवऱ्याची बदली इथे केली होती, तिघांनाही शिव्या घातल्या. दुर्गाताई माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. त्या वर उभ्या राहून मला चिडवत होत्या, "काय गं, साताऱ्याला डोंगर आहेत म्हणतात ना? की नुसते चित्रात आहेत?"

घर मराठी, पण मराठी कशी? "दूध उबलून गेलं", "दरवाजा बंद करून दे", "परेशान नको होऊस" अशी. चार-पाच पिढ्या इथे गेलेल्या. वडील, अप्पा, वेदपाठी ब्राह्मण. पहाटे घाटावर संध्या, मग मुलांना शिकवणं. दुर्गाताईंनी मला सांगितलेली एक गोष्ट अशी की एकदा जेवताना अप्पांनी विचारलं, "तू दिवसभर ज्यांची वंशावळ लिहीत असतेस, त्यांचं गोत्र कोणतं?" बाकी सगळे हसले. दुर्गाताई मात्र घास हातात धरून विचारात पडल्या. "तेच तर शोधतेय, अप्पा."

आणि खरंच, त्यांचं सगळं आयुष्य त्याच एका प्रश्नावर गेलं होतं. औषध मारलं की मकड्या मरतात. मग काही वर्षांनी मरेनाशा होतात. ही न मरण्याची ताकद त्यांना कुणाकडून येते? आईकडून, बापाकडून, की दोघांकडून?

वर्गात त्या पहिल्याच दिवशी फळ्यावर एक नर मकडी काढायच्या आणि मुलांना म्हणायच्या, "इसका वंशवृक्ष बनाइए." मुलं आई काढायची, बाप काढायची. दुर्गाताई बापावर फुली मारायच्या. कारण या जातीत ज्या अंड्याला नराचा स्पर्श झालेला नसतो, त्यातून नर निघतो. मादी निघते ती नराचा स्पर्श झालेल्या अंड्यातून, तिला आई-बाप दोघं. म्हणजे नराला बाप नाही, पण आईचा बाप, आजोबा, आहे. आणि नराला स्वतःला कधी मुलगा होत नाही, होतात त्या मुलीच. मुलं चक्रावून जायची. एकदा मिश्रा नावाचा एक मुलगा, घाटावरच्याच पंडित घरातला, काकुळतीनं उभा राहिला. "मैम, बेटा ही नहीं होगा तो फिर पिंडदान कौन करेगा?"

सगळा वर्ग हसला. दुर्गाताईही हसल्या, पण उत्तर सरळ दिलं. "बेटियाँ करेंगी, मिश्राजी. और बहुत ठीक से करेंगी."

अप्पांना अग्नी दुर्गाताईंनीच दिला होता, हे मला पुष्कळ दिवसांनी त्यांच्या शेजारच्या काकूंकडून कळलं. काकू म्हणाल्या, गल्लीत आधी बरीच कुजबुज झाली, मग दुर्गाताईंनी मंत्र म्हणायला सुरुवात केली तशी थांबली. एकही चुकला नाही. मला ऐकून भरून आलं. मी त्यांच्याशी या विषयावर कधी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी नक्की विषय मकड्यांवर नेला असता.

शेतकऱ्यांच्या सभेत तर त्यांना ऐकत राहावं. शहराबाहेर झेंडूची शेतं आहेत, साऱ्या देवळांचे हार तिथून येतात. तिथे एकदा एक म्हातारा तावातावानं म्हणाला, "बहिनजी, मकड़ी को दवा की आदत हो गई है. जैसे हमको भाँग की."

"ना बाबा," दुर्गाताई खाटेवर मांडी घालत म्हणाल्या. "आदत किसी को नहीं हुई. आप सारे गाँव को भाँग पिला दीजिए. सब लुढ़क गए, दो जने बैठे रहे. वे दो पहले से ही वैसे थे. अब मान लो जो लुढ़के वे उठे ही नहीं. तो अगली बार गाँव में किसकी औलाद होगी?"

म्हातारा विचार करून म्हणाला, "उन्हीं दो की."

"बस. आप हर हफ्ते भाँग पिला रहे हैं, और समझ रहे हैं कि गाँव सुधर रहा है."

माणसं पोट धरून हसली. त्या सभेत मागे एक मुलगी उभी होती, ती एकटीच हसली नाही, ती विचारत होती, "तो उन दोनों में अलग क्या था?" तीच प्रतिमा. झेंडूवाल्यांचीच पोर. दुर्गाताईंनी तिला तिथल्या तिथे उचललं म्हणा ना. पुढे ती त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी झाली आणि आमचं मराठी ऐकून ऐकून समजायलाही लागली. तिच्या आईनं गावाची बोलणी खाऊन तिला शिकू दिलं होतं. "लड़की की उमर निकल रही है" हे त्या माउलीनं जितक्या वेळा ऐकलं असेल तितकी फुलंही तिनं ओवली नसतील. प्रतिमाची शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपणार होती. तोवर काम झालं तर डॉक्टर, नाही तर गावी परत आणि आईच्या माथी सगळ्या गावाचं 'बघा, सांगितलं होतं ना'.

काम काय होतं, ते सांगते. प्रतिमाच्या बापाच्या शेतातल्या मकड्या आमच्याकडे होत्या, एका औषधाला अजिबात न मरणाऱ्या. आम्ही त्यांना 'पक्की' म्हणायचो. आणि दुसरी होती 'भोळी'. तिनं कधी औषध पाहिलंच नव्हतं. दुर्गाताईंनी ती वर्षानुवर्षं घेवड्याच्या पानांवर, ओल्या कापसावर ठेवून सांभाळली होती. ओला कापूस हा मकडीचा खंदक. तो ओलांडून ती जात नाही. भोळीची खोली वेगळी, ब्रश वेगळा, चपलासुद्धा वेगळ्या. आई पक्की आणि बाप भोळा, मग उलट, आई भोळी आणि बाप पक्का, अशी लग्नं लावायची आणि मुलींवर औषध मारून बघायचं. ताकद आईकडून येते की बापाकडून, ते आपोआप कळतं. पण त्यासाठी भोळी भोळीच हवी. त्यात थोडीदेखील भेसळ झाली की सगळं मुसळ केरात.

आणि मग आली वसंत पंचमी.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, तशी तिकडे सरस्वतीच्या पूजेला पुस्तकं, वह्या, यंत्रं, सगळं पुजतात. प्रयोगशाळेतही मूर्ती बसते, पिवळी साडी नेसून पोरी येतात, बुंदी वाटतात. त्या दिवशी प्रतिमा पहाटेच आली होती. तिच्या आईनं आपल्या हातानं झेंडूची लांबलचक माळ ओवून दिली होती, "जे से बिद्या मिलत बा, ओही के चढ़इहे" असं सांगून. जिच्याकडून विद्या मिळते तिला वाहा. आता प्रतिमाला विद्या कुणाकडून मिळत होती? भोळीकडून! भाबडी पोर. तिनं ती माळ भोळीच्या मांडणीला गुंडाळली, वर एकेका ट्रेमध्ये पानावर एकेक फूल ठेवलं, नमस्कार केला आणि बुंदी खायला आली. माळ बापाच्या शेतातली. ज्या शेतात पक्की राहत होती, त्याच शेतातली. दुपारी कुणीतरी निर्माल्य काढून गंगेत सोडलं आणि आम्ही सगळे विसरून गेलो.

काही आठवड्यांनी लग्नं लावण्याआधी भोळीची नेहमीची परीक्षा झाली. थोड्या भोळ्या औषध लावलेल्या पानावर सोडायच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या मेलेल्या दिसायला हव्यात. प्रतिमानं झाकण उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. निम्म्याहून अधिक मकड्या पानावर फेऱ्या मारत होत्या, दशाश्वमेध घाटावर संध्याकाळी माणसं फिरतात तशा.

"औषध जुनं असेल," मी म्हणाले.

प्रतिमा एकदम खाली बसली. "दीदी, माला," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

दुर्गाताईंना सांगायला मी गेले. मनातून म्हटलं, आता ही बाई पेटणार. वर्षानुवर्षांची भोळी! मीच असते तर आकाशपाताळ एक केलं असतं. दुर्गाताई आल्या, मायक्रोस्कोपला डोळा लावला, एकेक पान फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, ते मी पाहिलं. मग प्रतिमाला विचारलं, "माला किसने बनाई थी?"

"माँ ने. मैम, उसको मत बताइएगा. किसी तरह मत बताइएगा. वह सोचेगी कि उसी के हाथ से..."

दुर्गाताईंनी तिचा दंड धरून उठवलं. "चल. तूही चल गं शालिनी. आधी कचौडी खाऊ."

"अहो, कचौडी काय सुचतेय तुम्हाला!" मी ओरडलेच.

"रिकाम्या पोटी कुणाचं भलं झालंय?"

मोठी गडबड झाली की बनारसचा माणूस आधी काहीतरी खातो, हे मला त्या दिवशी कळलं. दुकानाच्या बाकड्यावर आम्ही तिघी. प्रतिमा द्रोणाकडे बघून मुसमुसतेय, मी धुमसतेय आणि दुर्गाताई शांतपणे रस्सा भुरकतायत. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत अशी भोळी मिळाली असती, पण परवानग्या, प्रवास, पुन्हा वाढवणं, तोवर शिष्यवृत्तीचा उन्हाळा उलटून गेला असता. मी हे सगळं बोलून दाखवलं. दुर्गाताईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी आणखी जिलबी मागवली आणि अर्धी तोंडात असतानाच थबकल्या.

"पोरी, माळ येऊन दोन-तीन पिढ्या झाल्या ना? म्हणजे आता त्या खोलीत भोळीच्या पोरी आणि माळेतल्यांच्या पोरी एकत्र नांदतायत. नवरे कुणाचे कुणाला, त्याचा पत्ता नाही."

"जी," प्रतिमा म्हणाली.

"मग एकेक आई उचल. वेगळ्या पानावर एकटी बसव. तिची पोरं-बाळं तिथेच वाढू दे. अर्ध्या मुलींवर औषध मार, अर्ध्या राखून ठेव. ताकद आई-बाप दोघांकडून येत असेल, तर एकाच घरात काही मरतील, काही जगतील. खिचडी होईल. पण जर आईकडूनच येत असेल..."

प्रतिमाचं रडणं थांबलं. "तो पूरा घर मरेगा, या पूरा घर बचेगा."

"खा आता," दुर्गाताई म्हणाल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते माझे डोळेच जाणोत. मी पानांच्या चकत्या कापत होते, प्रतिमा ब्रशच्या एका केसानं एकेक मकडी उचलत होती. दुर्गाताई मधूनच येऊन म्हणायच्या, "सुनांना नीट वागवा हं." मी म्हणायचे, "सुना कसल्या, सासवा आहेत सगळ्या!" हसत-खिदळत, कंटाळत, एकमेकींवर खेकसत काम चाललं होतं. प्रतिमाचा जीव मात्र टांगणीला होता. ती हसायची, पण जेवायची नाही.

आणि एका सकाळी आम्ही झाकणं उघडायला सुरुवात केली. पहिलं घर, सगळ्या मेलेल्या. दुसरं, सगळ्या मेलेल्या. तिसरं, सगळ्या चालतायत. पुढचं, मेलेल्या. त्याच्या पुढचं, चालतायत. मी प्रत्येक झाकणाला धसकत होते की आता कुठेतरी खिचडी निघणार. निघाली नाही! एकसुद्धा नाही! प्रतिमा एकेक झाकण उघडत होती आणि तिचा आवाज चढत चालला होता, "सब गईं! सब बचीं! सब बचीं! सब गईं!"

शेवटचं झाकण उघडल्यावर दुर्गाताईंनी माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं, रडणार. त्या म्हणाल्या, "फुगडी येते का गं तुला?" आणि साठीला टेकलेली ती बाई मला घेऊन प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात गरागरा फिरायला लागली. भिंग गळ्यात उडतंय, अंबाडा सुटलाय, मी ओरडतेय, "ताई, पडू! ताई, पडू हो!" विभागप्रमुख बाहेर आले, बघत राहिले आणि हळूच दार लोटून आत निघून गेले. भला माणूस.

ज्या घरांतल्या सगळ्या मेल्या, त्यांच्या राखून ठेवलेल्या बहिणींपासून पुन्हा भोळी उभी केली. मग रीतसर लग्नंही लावली. आई पक्की तर मुली जगल्या, बाप पक्का असो नाही तर भोळा. आई भोळी तर मुली गेल्या. पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक बारीक कण असतात, त्यांची स्वतःची छोटीशी जनुकं असतात आणि ती फक्त आईकडून येतात. तिथे एक अक्षर बदललेलं निघालं. तपासणीचा अहवाल फोनवर आला तेव्हा दुर्गाताई तो चष्मा वर करून पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

मग सुरू झाला वाद. प्रबंधात माळेचं लिहायचं की नाही? विभागप्रमुख म्हणाले, कशाला? रीतसर लग्नांचे निकाल आहेतच. मीही तेच म्हणाले. प्रतिमा तर हातच जोडत होती, कारण तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते आणि आई येणार होती.

दुर्गाताईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही. या भोळीच्या अंगात आता माळेतल्या बापांचंही थोडंफार आलंय. या औषधापुढची ताकद आईकडून येते म्हणून आपण वाचलो. उद्या कुणी दुसऱ्या औषधासाठी ही भोळी नेली आणि निर्मळ समजला, तर त्याची कित्येक वर्षं फुकट जातील. झालं ते लिहायचं."

"और माँ?" प्रतिमानं विचारलं.

"माँ को मैं देखूँगी."

प्रतिमा त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं ते प्रकरण लिहायला घेतलं. दुर्गाताईंनी डब्यांवरच्या चिठ्ठ्या स्वतः बदलल्या. 'भोळी, माळेनंतरची'.

तोंडी परीक्षेचा दिवस मला अगदी लख्ख आठवतो, कारण त्याच संध्याकाळी आमची गाडी होती. नवऱ्याची पुन्हा बदली, या वेळी भुसावळला. सामान बांधून मी विभागात आले होते. प्रतिमाची आई मागच्या बाकावर बसली होती, निळी कोरी साडी, डोक्यावरून पदर, हात मांडीत घट्ट धरलेले. दुर्गाताईंनी तिला चहा दिला, बिस्किटं दिली, पण माळेचं काही बोललेल्या मला दिसल्या नाहीत. मी मनात म्हटलं, ताई, आता नाही तर कधी?

परीक्षक दक्षिणेकडून आलेले, बारीक अंगाचे, हसणं माहीत नसलेले. प्रतिमा छान बोलली. मग माळेचं प्रकरण आलं. परीक्षकांनी पानं उलटली आणि जपून जपून हिंदीत विचारलं, "यह माला कौन लाया था?"

"मैं, सर."

"कहाँ से?"

प्रतिमा हातातला कागद सरळ करत राहिली. तिनं मागे पाहिलं नाही, पण तिची मान आखडली ते सगळ्यांना दिसलं. मागून आवाज आला, बारीक, पण खणखणीत. "हम बनवले रहली."

माळ मीच ओवली म्हणून सांगत आई उभी राहिली होती. तिला सगळं कळलं असेल-नसेल, पण आपल्या माळेनं लेकीचं काहीतरी नासलं, एवढं नक्की कळलं होतं. तोंड उतरलं होतं. तशीच ती परीक्षकांकडे बघून, रडवेली आणि तरी थोडी चिडून म्हणाली, "साहेब, हम त फूल भेजले रहली, कीरा थोड़े!"

फुलं पाठवली होती, किडे थोडेच! आणि मग दुर्गाताई हसल्या. असं हसल्या की खुर्ची मागे सरकली. त्या हसण्यानं सगळी खोली सुटली. परीक्षकसुद्धा, देवा शपथ, हसले.

दुर्गाताई उठल्या, बाकांमधून वाट काढत मागे गेल्या, त्या बाईचा हात धरला आणि तिला पुढे घेऊन आल्या. "सर, बरसों से मैं यह प्रयोग करना चाहती थी, ढंग सूझता नहीं था. इन्होंने एक माला में कर दिया. हमने तो बाद में सिर्फ देखा कि कौन बचा. किताब में इनका नाम नहीं है, यह गलती मेरी है." मग आईकडे वळून, "बिगड़ा नहीं माँजी. आपकी माला न आती तो आपकी बेटी की बात आज इतनी पक्की न होती."

आईनं परीक्षकांकडे पाहिलं. दुर्गाताईंच्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला असावा, पण तिला शिक्का मोठ्या साहेबाचा हवा होता. "त लइकी पास हो गइल?"

परीक्षक उभे राहिले. "हो गई, माताजी. डॉक्टर हो गई."

प्रतिमा धावली. पुढचं मला नीट दिसलं नाही, माझा चष्मा ओला झाला होता आणि रुमाल सामानात बांधलेला.

गाडीची वेळ होत आली म्हणून मी निरोप घ्यायला परत आत गेले. सगळे लाडू खायला बाहेर पडले होते. खोलीत दुर्गाताई आणि प्रतिमाची आई दोघीच, मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. दुर्गाताईंनी तिचा तळवा आपल्या मांडीवर उघडा धरला होता आणि बोटानं त्यावर काढून दाखवत होत्या, ही आई, या तिच्या मुली, आणि ही ताकद, ही इथून इथे येते. आई वाकून आपल्याच तळव्याकडे बघत होती. मी दारातून हाक मारली, "ताई, निघते हं."

त्यांनी मान न वळवता हात वर केला, थांब म्हणून. मी थोडी थांबले. त्या बोलतच होत्या. मग माझा नवरा खालून रिक्षाचा हॉर्न वाजवायला लागला आणि मी निघाले.